अर्ध्या टाकीखाली

चढाच्या तोंडाशी गाडीने पहिला आचका दिला तेव्हा वहिनींना वाटलं, आपलाच पाय घसरला असेल. दुसऱ्या आचक्याला त्यांनी गिअर उतरवून पाहिला. तिसऱ्याला इंजिन गप्प झालं. त्यांनी गाडी तशीच उतारावर मागे घेत कडेला लावली आणि खाली उतरून चाकामागे दगड सरकवला, कारण हँडब्रेक नावालाच होता. मागे गोणपाटाखाली बर्फाच्या लाद्या रचलेल्या होत्या. ऊन चांगलंच वर आलं होतं आणि फळ्यांच्या फटींतून रस्त्यावर पाण्याची धार लागली होती.

त्यांनी डिझेलच्या टाकीचं झाकण काढून आत काठी घातली. टाकीचा काटा कधीचाच मेला होता, त्यामुळे सगळा हिशेब काठीवर. काठी मधल्या गाठीच्या जरा खालपर्यंत ओली निघाली. डिझेल होतं, चांगलं पुरेसं होतं. मग हिला झालं काय?

"काय वहिनी, काय झालं?" मागून आलेल्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"रुसलीय," वहिनी म्हणाल्या आणि हसायला गेल्या, पण ते काही जमलं नाही.

त्याने दोर लावून गाडी बाजारापर्यंत ओढून आणली. लाद्यांच्या कडा तोवर साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. मासळीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कोणी चकार शब्द काढला नाही. फिटर आजारी पडल्यापासून वहिनींना कोणी काही बोलत नसे. वहिनींना तेच जास्त लागायचं.

फिटर म्हणजे त्यांचे यजमान. तरुणपणी ट्रकच्या गॅरेजात फिटर होते, तेच नाव कायमचं चिकटलं. पुढे त्यांनी ही पिकअप जुनीच घेतली आणि दोघं नवरा-बायको कारखान्यातून बर्फ उचलून बाजारात पोचवू लागली. फिटर गाडी चालवायचे आणि बिघडली की स्वतःच नीट करायचे. दुसऱ्या कोणाला बॉनेट उघडू देत नसत. वहिनींच्या हातात लोखंडी चिमटा. आख्खी लादी चिमट्यात धरून एका झटक्यात फळीवर घ्यायची तर वहिनींनीच, हे कारखान्यातले हमालही मान्य करायचे. गाडी चालवायलाही फिटरनीच शिकवलं. कारखान्याच्या मोकळ्या आवारात त्या दिवसांत एवढा आरडाओरडा चाले की पहारेकरी दोनदा भांडण सोडवायला धावत आला होता.

"डोक्यावर बर्फ ठेव!" फिटर ओरडायचे.

"बर्फ मागे आहे, तुम्हीच ठेवा!" वहिनी उलट ओरडायच्या.

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. गाडी म्हातारी झाली. आणि एका सकाळी चपला घालता घालता फिटर उंबऱ्यातच बसल्यासारखे खाली कोसळले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा लटकत होता, ओठाचा एक कोपरा खाली आला होता. पाय हळूहळू चालू लागला. शब्द मात्र जागेवर आले नाहीत. म्हणजे शब्द होते, पण कोणाच्या घरी कोण राहायला गेलंय याचा पत्ता नव्हता. पान्याला ते चमचा म्हणायचे, चहाला दाढी. उशी हवी असली की "सासू, सासू" करायचे. शिव्या तेवढ्या एकूण एक शाबूत राहिल्या होत्या आणि योग्य वेळी, योग्य क्रमाने बाहेर पडत. आणि बायकोला ते मामा म्हणायचे.

"आई, गाडी विकून टाक ना," मुलगी फोनवर म्हणायची. "बाबांना घेऊन इकडे ये."

"बघू," वहिनी म्हणायच्या. लुळ्या हाताच्या माणसाने जावयाच्या दोन खोल्यांत बसून दिवसभर भिंत बघायची, हे त्यांना डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

गाडी ओढून घरी आणली तेव्हा फिटर खिडकीत होते. त्यांनी दोर पाहिला आणि स्वतः उठून, भिंतीला धरत बाहेर आले. कितीतरी दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढी घाई दिसली नव्हती. वहिनींनी पुढच्या चाकापाशी खुर्ची टाकली, बॉनेट उघडलं.

"मामा. चमचा."

वहिनींनी पाना दिला. फिटरनी मान हलवली, डाव्या हाताची दोन बोटं जवळ आणून दाखवली. छोटा पाना.

"आता?"

"नाक," फिटर म्हणाले. "नाक सोड."

"कुणाचं नाक? माझं?"

एक खणखणीत शिवी आली. शेजारच्या खिडकीचं दार लागलं. फिटरनी वाकून फिल्टरच्या डोक्यावरच्या बारीक स्क्रूवर बोट टेकवलं. "नाक! वारा. आत वारा."

तेव्हा वहिनींना उलगडलं. गाडीने एअर घेतलीय. डिझेलच्या वाटेत हवा शिरली की इंजिन उपाशी मरतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं चिमटा हातात घेऊन ऐकलं होतं. त्यांनी स्क्रू सैल केला, फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबायला घेतला. आधी फसफसून फेस आला. फिटर पुढे झुकून बघत होते, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. फेस कमी होत गेला. मग स्वच्छ, एकसंध धार.

"बस!" फिटर म्हणाले. बरोबर शब्द, बरोबर वेळी.

किल्ली फिरवताच इंजिन लागलं. फिटर डाव्या हाताने मडगार्ड थोपटत हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. त्या दुपारी ते स्वतःच्या हाताने जेवले, आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं. वहिनी तशाच आनंदात गेल्या आणि पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून आल्या. एरवी त्या लागेल तसं थोडं थोडं डिझेल घालत.

दोनेक दिवस गाडी उत्तम चालली. मग शाळेच्या भिंतीलगत, सपाट रस्त्यावर, पुन्हा तेच. आचका, आचका, गप्प.

या वेळी वहिनींनी स्वतःच एअर काढली. गाडी लागली, थोडी चालली, परत मेली. असं करत करत त्या घरी पोचल्या. बर्फ निम्मा झाला होता आणि त्यांचे तळहात डिझेलने सोलवटले होते.

"नाक," फिटर म्हणाले.

"काढली ना एअर. तीनदा काढली. परत घेतेय."

"नाक! मामा, नाक!"

त्यांच्या सांगण्यावरून वहिनींनी नवा फिल्टर आणून बसवला. परत पंप, परत फेस, परत धार. कोपऱ्यापर्यंत जाऊन गाडी थांबली. वहिनी चालत परत आल्या तेव्हा फिटर खुर्चीतून अर्धे उठलेले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, शब्दांशिवायही कळण्यासारखं: उपाय बरोबर आहे, करणारीचा हात चुकतोय.

"अहो, मी तुम्ही सांगितलं तस्संच केलं."

"आंधळी!" फिटर ओरडले आणि डाव्या हाताने पाना भिरकावला. तो वहिनींना लागला नाही, दरवाजाच्या चौकटीवर आपटून खाली पडला. लाकडाचा ढलपा उडाला. दोघंही त्या ढलप्याकडे बघत राहिली. आयुष्यात फिटरनी आवाज चिक्कार चढवला होता, हात कधी उचलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कारखान्यात जाते म्हणून सांगितलं आणि गाडी ढकलत, चालू करत, परत ढकलत बारक्याच्या गॅरेजात नेली.

बारक्या हे नाव आता कोणाला पटलं नसतं. माणूस दारातून आडवा होऊन आत शिरावा असा झाला होता. पण फिटरच्या हाताखाली कामाला लागला तेव्हा सगळ्यांत लहान तोच, म्हणून बारक्या. दवाखान्यात तो एकदा येऊन गेला होता. फिटरनी त्याला ओळखलं, पण नाव घेताना तिसरंच काही तोंडातून निघालं आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर तो आला नव्हता.

"उस्ताद काय म्हणतात?" बारक्याने गाडीखाली शिरता शिरता विचारलं.

"मला मामा म्हणतात."

तो खालून बाहेर डोकावला. हसावं की नाही, त्याला कळेना.

"हसा हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं मामा बनवत होते, आता नुसतं म्हणतात. सुधारणाच म्हणायची."

बारक्या हसला, पण वहिनींचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने पाहिलं. तो परत गाडीखाली शिरला. जुना रबरी पाइप तडकलाय, तिथूनच हवा शिरत असणार, असं त्याचं निदान पडलं. त्याने नवा पाइप घातला, नवे क्लॅम्प आवळले. "टाकी फुल करा आणि बिनधास्त फिरा. आणि वहिनी, उस्तादांना..."

"नाही सांगणार," वहिनी म्हणाल्या.

गाडी चालली. सकाळी फिटर बाहेर आले, बॉनेट उघडायची खूण केली. नुसतं बघायला. डाव्या हाताचा अंगठा ते एकेका पाइपावरून फिरवत गेले, पडलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. एका क्लॅम्पपाशी अंगठा थांबला. फिटर क्लॅम्पचा स्क्रू नेहमी आतल्या अंगाला ठेवायचे. हा बाहेर तोंड करून होता. पुढचाही.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच बसवले," वहिनी म्हणाल्या. "मला कुठे कळतं आत-बाहेर."

फिटरनी त्यांच्याकडे पाहिलं. शिवी आली नाही. ते भिंतीला धरत आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं सोडलं. सासू नाही, दाढी नाही, मामा नाही. वहिनींनी घास पुढे केला तर तोंड मिटून घ्यायचे. ताट ठेवून त्या बाहेर गेल्या की थोडंफार खायचे. घरात आवाज म्हणून भांड्यांचा तेवढा. एक शिवी तरी द्या हो, असं वहिनींना वाटायचं. त्या अंगणात येऊन उगाच गोणपाट झटकत बसायच्या.

आणि मग गाडी पुन्हा बंद पडली.

भर रस्त्यात, भरलेल्या गाडीत बसून वहिनींनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. नवऱ्याचा उपाय करून झाला. चोरून दुसऱ्याचा केला. हाती काय आलं, तर नवऱ्याने टाकलं आणि गाडीही चालेना. त्यांना वाटलं, इथेच सोडावी आणि चालत निघून जावं. कुठे, ते मात्र सुचलं नाही. खाली उतरून त्यांनी लादीच्या कडेचा एक तुकडा मोडला आणि खरोखरच डोक्यावर धरला. पाणी मानेवरून पाठीत उतरलं. एक बाई रस्ता ओलांडता ओलांडता थांबून बघायला लागली.

"काही नाही, ऊन लागलं," वहिनी म्हणाल्या.

सवयीने त्यांनी टाकीत काठी घातली. ओली खूण काठीच्या गाठीच्या जरा खाली होती. त्या झाकण लावणार होत्या, पण हात थांबला. शाळेच्या भिंतीपाशीही काठी पाहिली होती. तेव्हाही खूण गाठीखालीच होती. चढावर? चढावरही. अर्ध्याच्या किंचित खाली. आणि दोन्ही वेळा गाडी 'दुरुस्त' झाली ती टाकी भरल्यावर. फिटरच्या हातून झाली तेव्हा भरली. बारक्याने भरायला सांगितली.

त्यांना एकदम घाई करावीशी वाटली, पण केली नाही. गाडीत डिझेलचा कॅन होता, तो सगळा टाकीत ओतला. काठी घातली. ओल गाठीच्या वर. मग एअर काढली, गाडी सुरू केली आणि त्याच रस्त्याने, तोच चढ, तीच भिंत, बाजारापर्यंत गेल्या. गाडी एकदाही खोकली नाही.

घरी आल्या तेव्हा फिटर भिंतीकडे तोंड करूनच होते. वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या.

"मी बारक्याकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी खोटं बोलले. क्लॅम्प त्याने लावले."

पाठ हलली नाही.

"त्यालाही जमलं नाही. गाडी आज परत बंद पडली."

पाठ किंचित हलली. वहिनींना राग आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि तो आला तेव्हा त्यांना बरंच वाटलं.

"ऐकताय ना? तुमचंही चुकलं, त्याचंही चुकलं. नाकात काही नाही. गाठीच्या वर डिझेल असलं की गाडी पळते, गाठीच्या खाली गेलं की मरते. दर वेळी. मी बघून आलेय. आता याचा अर्थ काय, ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर उठा, नाहीतर उद्या मी भंगारवाल्याला बोलावते."

त्यांनी काठी पलंगावर टाकली. खोलीत डिझेलचा वास पसरला. बऱ्याच वेळाने फिटर या कुशीवर वळले. काठी उचलली, ओल्या भागावरून अंगठा फिरवत गाठीपर्यंत आणला. डोळे मिटले. ते आतल्या आत टाकी उघडून बघतायत, हे वहिनींना दिसत होतं.

"गळा," ते शेवटी म्हणाले. आणि तर्जनी हनुवटीखालून छातीपर्यंत खाली ओढली. "गळा. भोक."

टाकीच्या आत, वरून तळापर्यंत उतरणारी लोखंडी नळी. त्यातूनच डिझेल वर ओढलं जातं. वहिनींना ती नळी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाकीवरची गोल चकती उघडायला घेतली. स्क्रू गंजलेले. फिटरनी डाव्या हाताने पक्कड घट्ट धरायची आणि वहिनींनी पाना फिरवायचा. एक स्क्रू काही केल्या हलेना. दोघं दोन बाजूंनी गाडीला लोंबकळल्यासारखी ओणवी झाली होती, कपाळाला कपाळ लागत होतं. स्क्रू सुटला तेव्हा वहिनी मागच्या मागे बसल्या.

नळी बाहेर आली. वरून दिसायला धडधाकट. फिटरनी बादलीकडे बोट केलं. नळी पाण्यात बुडवली, खालचं तोंड वहिनींनी बोटाने दाबलं. फिटरनी वरचं तोंड ओठांत धरून फुंकलं. फुर्रकन हवा त्यांच्या ओठाच्या पडलेल्या कोपऱ्यातून निघून गेली. पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फुंकताना मान लाल झाली, पण नळीत काही गेलं नाही. त्यांनी नळी तोंडातून काढली आणि क्षणभर नुसती हातात धरून बसले.

"आणा इकडे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही खालून दाबा."

वहिनींनी फुंकलं. नळीच्या मधोमध, गंजाच्या एका ठिपक्यातून, बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. टाचणीच्या टोकाएवढं भोक. डिझेल त्याच्या वर असेपर्यंत नळी डिझेल ओढायची. त्याच्या खाली गेलं की हवा. वहिनींनी खालचं तोंड आपल्याच बोटाने दाबलं, तसा फिटरनी भोकावर अंगठा ठेवला. बुडबुडे थांबले. अंगठा काढला, सुरू. परत ठेवला.

"किती दिवसांचं असेल हो हे?" वहिनींनी तोंड पुसत विचारलं.

उत्तर दोघांनाही एकदमच सुचलं असावं. फिटर रोज संध्याकाळी टाकी काठोकाठ भरायचे. त्यांच्या हाती असती तर गाडी कधीच बंद पडली नसती आणि भोक कधीच सापडलं नसतं. कदाचित वर्षानुवर्षं ते तिथेच होतं. फिटरचा चेहरा उतरला. सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ते ओली नळी मांडीवर घेऊन बसले होते.

भोक बुजवायचं तर नळी झाळायला बारक्याकडेच न्यावी लागणार होती. वहिनींनी विचारलं, "येता?" फिटरनी जोरजोरात मान हलवली. नाही. वहिनी एकट्या गेल्या. बारक्याने ते भोक उजेडात धरून पाहिलं, स्वतःच्याच डोक्यावर टप्पल मारली आणि गॅस पेटवून झाळ लावली. मग म्हणाला, "बसवायला मी येतो."

"त्यांना आवडणार नाही."

"ठाऊक आहे मला," बारक्या म्हणाला आणि पाने उचलून वहिनींबरोबर चालू लागला.

त्याचा आवाज ऐकताच फिटर आत गेले आणि पडदा ओढून घेतला. बारक्याने नळी बसवली, चकती आवळली, एअर काढली. निघताना पडद्यासमोर उभा राहिला.

"उस्ताद!" बहिऱ्याशी बोलावं तसा तो ओरडला. "बरं वाटतंय का? मी बारक्या!"

आतून एक शिवी आली. बारक्या कामाला लागला त्या पहिल्या दिवसापासून त्याच्यासाठी राखून ठेवलेली, आईपासून आज्यापर्यंत सगळ्यांना घेणारी, एकही शब्द न चुकलेली. बारक्याच्या तोंडावर एवढं मोठं हसू पसरलं आणि तो तोंड फिरवून बाहीने डोळे पुसायला लागला. पण पडदा उघडला नाही. थोडा वेळ वाट बघून तो निघून गेला.

गाडी त्यानंतर त्या दुखण्याने कधी थांबली नाही. दुसरी दुखणी निघाली, ती निघायचीच. फिटरचा हात होता तसाच राहिला. शब्दही.

त्या संध्याकाळी वहिनींनी चहा पुढ्यात ठेवला तेव्हा फिटर बोलायला लागले. खूप दिवसांचं साठलेलं असावं. सलग, चढउतार घेत, मध्येच हाताने हवेत काहीतरी मोडत, काहीतरी जोडत ते बोलत राहिले. नळीबद्दल होतं, पान्याबद्दल होतं, की बारक्याबद्दल, की वहिनींबद्दल, काही पत्ता लागत नव्हता. देऊन टाकलेल्या कपड्यांच्या गाठोड्यासारखे शब्द, कुणाचे कुणाला. बोलून झाल्यावर ते थांबले आणि वहिनींच्या तोंडाकडे बघू लागले.

आजवर अशा वेळी वहिनी मान डोलवायच्या. "हो ना," म्हणायच्या, "खरंय," म्हणायच्या. त्यांचं समाधान व्हावं म्हणून. आज त्यांची मान हललीच नाही.

"मला काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "एक अक्षर नाही. परत सांगा."

फिटरचा चेहरा आधी रागाने आकसला. मग त्यांनी कप बाजूला सरकवला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि पहिल्यापासून, सावकाश, एकेका शब्दावर थांबत सुरू केलं. वहिनी त्यांच्या ओठांकडे बघत बसल्या. दुसऱ्यांदाही त्यांना फारसं कळलं नाही.

"परत," त्या म्हणाल्या.